साक्षीदाराचा रकाना

शाळेतली मुलं त्यांना पाठीमागे खात्रीकाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. हे नाव कुणी ठेवलं याचा काकांनी दोन वर्षं तपास केला. तीन मुलांवर संशय पक्का झाला, पण पुरावा मिळेना, म्हणून तिघांनाही त्यांनी मनातल्या मनात जामिनावर सोडलं.

काका शाळेचे शिपाई. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला दोन उरलेली. कमरेच्या पट्ट्याला किल्ल्यांचा जुडगा, त्यात त्रेचाळीस किल्ल्या. त्यातल्या अकरा किल्ल्यांना आता कुलूपच नव्हतं. काही कुलपं गंजून मोडली होती, काही दारंच गेली होती. पण किल्ली टाकायची कशी? ती कुणाच्या हाती लागेल याचा काय नेम? ‘‘अहो, कुलूपच नाही तर चोर किल्ली घेऊन करणार काय?’’ असं मुख्याध्यापकांनी एकदा हसत विचारलं, तेव्हापासून काकांनी मुख्याध्यापकांवरही थोडी नजर ठेवायला सुरुवात केली.

कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे. चार पावलं गेले की परत येऊन चौथ्यांदा. दूध आलं की वास, भाजी आणली की घरच्या काट्यावर पुन्हा वजन. केस कापून झाले की न्हावी मागून आरसा धरायचा, तेव्हा काका केस सोडून न्हाव्याचा चेहरा बघायचे. एवढा संशय आला कुठून म्हणाल, तर त्यामागे काही मोठा घात वगैरे नव्हता. जन्मात त्यांना कुणी धड फसवलंही नव्हतं. बायको म्हणायची, ‘‘एकदा कुणी चांगलं फसवायला हवं होतं तुम्हाला. मोकळे तरी झाला असतात.’’

अशा माणसाला विज्ञानाच्या बाईंनी हाताशी धरलं, ते मुद्दाम.

बाईंनी त्या वर्षी एक नवीन गोष्ट सुरू केली होती. दर शनिवारी सकाळचे पहिले दोन तास नववीची मुलं आणि तिसरीची मुलं शाळेमागच्या ओढ्यावर एकत्र जायची. एक मोठं, एक लहान अशी जोडी. काठावर दोरी लावून प्रत्येक जोडीला एकेक तुकडा दिलेला. नियम एकच: लहानाने बघायचं आणि मोठ्याने लिहायचं. मोठ्यांना बघण्याआधीच सगळं ठाऊक असतं, असं बाईंचं म्हणणं. त्यामुळे नववीतली दाढीमिशा फुटू लागलेली मुलं मांडीवर वही घेऊन बसायची आणि कमरेएवढी पोरं चिखलात वाकून त्यांना मजकूर सांगायची. नंतर जे काही विशेष असेल ते बाईंच्या मोठ्या वहीत चढायचं.

पहिल्या महिन्यात ओढ्यावर एक सिंह आणि दोन मगरी दिसल्या. तेव्हा बाईंनी मोठ्या वहीत आणखी एक रकाना आखला: साक्षीदार.

‘‘काका, हा रकाना तुमचा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहाल तरच सही करायची. नाहीतर लिहायचं, ‘दिसले नाही’. एखाद्या जोडीला तीनदा ‘दिसले नाही’ आलं, की ती जोडी मी मोडणार.’’

‘‘मीच का?’’ काकांनी लगेच विचारलं. यात काहीतरी गोम असणार.

‘‘कारण तुमच्याइतका कुणावरही विश्वास न ठेवणारा माणूस या शाळेत दुसरा नाही.’’

या वाक्यावर काका दोन दिवस खुश होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या स्वभावाची कदर केली होती.

काम त्यांनी चोख केलं. गोगलगाय दाखवली की ते ती उलटी करून बघायचे. कोळ्याचे पाय मोजायचे, दोनदा. मुंग्यांची रांग खरंच बिळात जाते की बिळापाशी येऊन पसरते, हे बघायला एकदा पंचवीस मिनिटं उकिडवे बसले. मुलं टिंगल करता करता त्यांच्यासारखीच दोनदा मोजायला लागली. बाईंना हेच हवं होतं. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र काकांच्या सह्या जरा विचित्र असायच्या: ‘घरटे दिसले. पक्षी दिसला नाही.’ पानावर पान उलटा, तेच. घरटं तरी दिसलेलं असल्याने बाई हे तीनांत धरत नसत. काकांनी त्यातून निष्कर्ष काढला, की पक्ष्यांच्या बाबतीत मुलं जास्त थापा मारतात.

आता शिडी आणि बटण यांच्याकडे येऊ.

शिडी म्हणजे नववीतली सगळ्यात उंच मुलगी. आई बाजारात मासे विकायची. दोन वर्षांपूर्वी शाळेची घंटा चाळीस मिनिटं आधी वाजली होती, अर्धी शाळा घरी पोचली होती, आणि काकांच्या मते हे शिडीचंच काम होतं. ती नाही म्हणाली होती. काका ते विसरले नव्हते. बटण हा तिसरीतला, वर्षाच्या मध्येच शाळेत आलेला. वर्गात तो बोलायचा नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. त्याचं तोंड उघडायचं ते फक्त शनिवारी ओढ्यावर, शिडीपाशी, आणि मग ते मिटायचं नाव घ्यायचं नाही. बाईंनी ते ओळखून ही जोडी लावली होती आणि काकांनाही सांगून ठेवलं होतं.

एका शनिवारी शिडी वही घेऊन वर आली. ‘‘काका, साक्षीदार हवाय. पाणमांजर.’’

‘‘काय?’’

‘‘पाणमांजर. मोठ्या दगडाशी.’’

काका तरातरा उतरले. दगड होता, पाणी होतं, पाण्यावर वरच्या वस्तीतून आलेला साबणाचा फेस होता. या फेसात पाणमांजर! काकांनी कमरेवर हात ठेवून शिडीकडे पाहिलं.

‘‘तू पाहिलंस?’’

‘‘नाही. मी लिहीत होते.’’

‘‘पाहिलं नाहीस, मग लिहिलंस कशाला?’’

‘‘त्याने पाहिलं म्हणून.’’

बटण दगडाकडे बोट करून उभा होता, तोंड मिटून. काकांनी वहीत लिहिलं, ‘दिसले नाही’, आणि खाली एक रेघ जास्तीची मारली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. या वेळी शिडी पुरावा घेऊन तयार होती. ओल्या चिखलात पाच बोटांचे ठसे, आणि दगडावर माशाचे खवले चिकटलेले. आजूबाजूला सगळ्या जोड्या जमल्या. काका वाकले, ठशात स्वतःची बोटं घालून बघितली. मग एक खवला नखाने उचलून उन्हात धरला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘‘बोटांनी ठसे कुणालाही काढता येतात. आणि खवले म्हणाल, तर हिच्या घरी खवल्यांना काय तोटा?’’

नववीतली दोनचार मुलं फिस्सकन हसली. कुणीतरी नाकाला हात लावला. शिडीने वही मिटली, बटणाचा हात धरला आणि ती चढण चढून गेली. काकांनी दुसरं ‘दिसले नाही’ लिहिलं. आणखी एक झालं की जोडी मोडणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. सोमवारपासून बटण हजेरीला हातही वर करेना.

काका काही दगड नव्हते. बटणाची रिकामी नजर त्यांना दिसत होती. पण संशय घ्यायचा तर पुरता घ्यावा, अर्धा सोडू नये, असा त्यांचा खाक्या. मधल्या आठवड्यात ते दोनदा एकटेच ओढ्यावर गेले. काही नाही. मग त्यांनी खवले कागदाच्या पुडीत बांधले आणि संध्याकाळी थेट मासळीबाजार गाठला. शिडीच्या आईच्या ठेल्यासमोर गिऱ्हाईक असल्याचा आव आणून उभे राहिले. पुडी सोडली. ‘‘बाई, हे खवले कुठल्या माशाचे? तुमच्याकडचे आहेत का?’’

तिने एकच नजर टाकली. ‘‘हे गोड्या पाण्यातल्या बारक्या माशाचे. मी विकते ते सगळे समुद्राचे. हे घ्या, लावा शेजारी.’’ तिने सुरीच्या टोकाने ताजा खवला पुढे केला. दोघांत जमीनअस्मानाचा फरक होता. मग ती म्हणाली, ‘‘तुम्ही शाळेतले काका ना?’’

काका दचकले. ‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी कशाला सांगायला हवं? तुम्ही बाजाराच्या तोंडाशी होतात तेव्हाच कळलं. मुलगी सांगते, काका दिसायच्या आधी ऐकू येतात.’’ ती सुरी पुसत राहिली. ‘‘शनिवारी घरी आली ती बोललीच नाही. दप्तर धुवायला घेतलं. वाळल्यावर मला म्हणाली, आई, वास येतो का बघ.’’

काकांनी पुडी खिशात घातली. परतीच्या वाटेवर ते स्वतःला समजावत होते, की आईच ती, मुलीची बाजू घेणारच. पण दप्तराचं ते वाक्य डोक्यातून जाईना.

घराच्या दारात पोचले तेव्हा आत बोलणं चालू होतं आणि ते आत गेले तेव्हा थांबलेलं होतं. बायकोने फोन नुकताच ठेवला होता. काकांचा मूळ स्वभाव उसळून वर आला.

‘‘कुणाशी बोलत होतीस?’’

‘‘बहिणीशी.’’

‘‘मग मी आल्यावर का ठेवलास?’’

बायको तशी शांत बाई, पण त्या दिवशी तिचा पारा चढला. ‘‘तुम्ही आलात म्हणून नाही ठेवला, तुम्ही गल्लीच्या तोंडाशी वाजलात तेव्हाच ठेवला! रोज ठेवते. शेजारीण बसली असेल तर ती उठते. ते मांजरसुद्धा ओट्यावरून उडी मारतं. छन्‌छन्‌ ऐकू आलं की ज्याला जे लपवायचं ते लपवून होतं, आणि ज्याच्याकडे लपवायला काही नाही तोसुद्धा गप्प होतो. एवढी वर्षं झाली, या घरात तुम्ही कुणाला सहज बसलेलं पाहिलंच नाहीत.’’

काका खुर्चीत बसले. जुडगा मांडीवर घेतला. हलवून बघितला. मांजर खिडकीतून बाहेर गेलं.

घरटे दिसले, पक्षी दिसला नाही. घरटे दिसले, पक्षी दिसला नाही. गोगलगाय दिसली, मुंग्या दिसल्या, कोळी दिसला. पळू न शकणारं आणि कानाशी देणंघेणं नसलेलं तेवढंच त्यांना दिसलं होतं. काकांना जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाले, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला नाही.

तिसरा शनिवार उजाडला. जुडगा बाजूला ठेवायचा हे तर ठरलं, पण ठेवायचा कुठे? खणात ठेवावा तर खणाजवळ कोण? मुख्याध्यापकांकडे द्यावा तर त्यांच्यावर आधीच नजर. बाई मुलांबरोबर खाली ओढ्यावर. विचार करता करता काकांना एक युक्ती सुचली आणि ती त्यांच्या स्वभावाला शोभणारीच होती. जुडगा शिडीच्याच हातात द्यायचा आणि तिला वरच्या फाटकाशी उभं करायचं. म्हणजे खाली चलाखी करायला कुणी उरणार नाही. पाणमांजर खरं असेल तर दिसेल आणि पोरीचं कारस्थान असेल तर उघडं पडेल.

‘‘धर,’’ काका फाटकाशी म्हणाले. ‘‘आज तू इथेच थांबायचं. याचा आवाज करायचा नाही.’’

शिडीने हात मागे घेतले. ‘‘आधी मोजा.’’

‘‘काय मोजा?’’

‘‘किल्ल्या. माझ्यासमोर. आणि बटण, तूही मोज. उद्या बेचाळीस भरल्या तर माझं नाव येणार. घंटेच्या वेळी आलं तसं.’’

एकतीस वर्षांत काकांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांना राग येईल असं त्यांनाच वाटलं, पण आली ती शरम. चौदा वर्षांची पोर त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलत होती, आणि ती भाषा ऐकायला बरी नव्हती. त्यांनी मोजल्या. बटणाने बोटांवर मोजल्या, बोटं चार वेळा संपली आणि वर तीन उरल्या. त्रेचाळीस. शिडीने मग दोन्ही हातांनी जुडगा घेतला.

बटण पुढे, काका मागे. मोठ्या दगडाच्या अलीकडे एक झुडूप होतं, त्याच्या आड दोघं बसले. काकांनी चपला काढल्या. बटणाने ओठांवर बोट ठेवलं. पाच मिनिटं गेली. काकांचा हात कमरेशी गेला आणि तिथे काहीच नव्हतं. त्यांनी पायाशी गवत चाचपलं, मग आठवलं. दहा मिनिटं गेली. इथून फाटक दिसत नव्हतं. आता ती कुठे असेल? प्रयोगशाळा उघडली असेल? घंटेची पेटी? साबणवाल्याकडे जाऊन साबणावर किल्लीचे ठसे घेतात म्हणे. त्रेचाळीस किल्ल्यांना किती साबण लागेल याचा हिशेब काका करू लागले. हात पुन्हा कमरेशी गेला.

‘‘काका,’’ बटण कुजबुजला, ‘‘तिथे हात नका नेऊ. ते हलतं.’’

पोरगं आपल्याशी बोललं, हे काकांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

पाव तास झाला तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. झाला तेवढा मूर्खपणा पुरे, असं म्हणून ते उठणार, तोच बटणाचा छोटा हात त्यांच्या गुडघ्यावर दाबला गेला. आधी आवाज आला. कुरुम, कुरुम. कुणीतरी दात लावून काहीतरी फोडत होतं. दगडाच्या पलीकडून एक चपटं, ओलं डोकं वर आलं. मिशांवर साबणाचा फेस. पुढच्या दोन पंजांत मासा उभा धरलेला, आणि डोळे मिटून, मान वर करून ते स्वस्थ चावत होतं. कुणाला घाबरून नाही, कुणापासून लपून नाही. खाऊन झाल्यावर त्याने खवले तिथेच थुंकल्यासारखे टाकले, दगडावर पोट घासलं, आणि पाण्यात असं सरकलं की लाटसुद्धा उठली नाही.

काकांचे डोळे भरून आले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. शिवाय एकतीस वर्षं या ओढ्याकाठी राहून ओढ्याचा आवाज आपण आज ऐकला, हेही आत कुठेतरी बोचत होतं.

‘‘दिसलं?’’ बटणाने विचारलं.

‘‘दिसलं रे बाबा.’’

शिडी फाटकाशी होती त्याच जागी उभी होती. जुडगा तिने दोन्ही मुठींत आवळून छातीशी धरला होता आणि वाजू नये म्हणून श्वासही जपून घेत होती. बोटांवर किल्ल्यांचे वळ उठले होते. काकांचा चेहरा बघून तिने जुडगा पुढे केला. काका जुडगा पट्ट्याला अडकवू लागले.

‘‘मोजा,’’ ती म्हणाली.

‘‘राहू दे गं.’’

‘‘नाही, मोजाच.’’

तेव्हा काकांनी मोजल्या. एकेक किल्ली वर धरून, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या खात्रीसाठी मोजत नव्हते. त्रेचाळिसावी झाल्यावर शिडीचे खांदे खाली आले.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘घंटा मीच वाजवली होती.’’

‘‘माहीत होतं मला!’’ काकांना इतका आनंद झाला की ते जवळजवळ नाचलेच. मग त्यांचा चेहरा उतरला. ‘‘पण ते खवल्यांचं. ते मी चुकीचं बोललो. सगळ्यांसमोर बोललो.’’

‘‘हो,’’ शिडी म्हणाली. तिने ‘असू दे’ म्हटलं नाही.

म्हणून काकाही सगळ्यांसमोरच गेले. बाईंची मोठी वही उघडली, मुलं गोळा केली आणि आधीच्या दोन्ही ‘दिसले नाही’वर काट मारून वाचून दाखवलं: ‘‘पाणमांजर. दिसले. मागच्या दोन्ही वेळी साक्षीदाराच्या किल्ल्या वाजल्यामुळे पळाले. खवले ओढ्यातल्याच माशाचे, हे मी बाजारात जाऊन विचारले आहे.’’ नाकाला हात लावणारा मुलगा मागच्या मागे सटकला. काकांनी त्याची नोंद घेतली; स्वभाव काही एका शनिवारात जात नाही.

‘‘जोडी?’’ काकांनी बाईंना विचारलं.

‘‘जोडी राहील.’’

‘‘पण ताईने अजून पाहिलंच नाही,’’ बटण म्हणाला. हे त्याने सगळ्या वर्गासमोर म्हटलं, आणि चांगलं खणखणीत म्हटलं.

पुढच्या शनिवारी बाईंनी एका जोडीपुरता नियम उलटा केला. शिडीने बघायचं, बटणाने लिहायचं. आणि काका? काका फाटकाशी उभे राहिले, जुडगा दोन्ही मुठींत आवळून, छातीशी धरून. पाच मिनिटांत हाताला रग लागली. खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. दोघं मिळून काहीही रचत असतील, असं त्यांच्या मनात तीनदा आलं, आणि तिन्ही वेळा ते जागचे हलले नाहीत.

दोघं धावत वर आली. शिडीच्या गुडघ्यांना चिखल, बटणाच्या नाकाला शाई. ‘‘दोन होती,’’ शिडी धापा टाकत म्हणाली. ‘‘काका, दोन! एक पिल्लू होतं.’’

एका पाणमांजरावर विश्वास ठेवताना काकांच्या नाकी नऊ आले होते. आता दोन, त्यात एक पिल्लू. त्यांनी शिडीच्या तोंडाकडे पाहिलं. न्हाव्याच्या तोंडाकडे बघत तसं, बराच वेळ. मग बटणाकडून वही घेतली. त्याची अक्षरं ओळ सोडून चालली होती, पण वाचता येत होती. काकांनी पेन काढलं आणि साक्षीदाराच्या रकान्यात सावकाश लिहिलं:

‘मी पाहिले नाही. तिने पाहिले.’

आणि खाली सही केली.